सातव्या मजल्यावरचा गुडघा

बेंगळुरूहून परत आल्यापासून माझ्या खाणावळीत जेवायला येणारा जो तो एकच विचारतो, "हवा कशी होती, मावशी?" हवा छान होती. ऐन ऑगस्टात संध्याकाळी शाल घ्यावी लागत होती. पण मी काही हवा खायला गेले नव्हते. माझी धाकटी बहीण वत्सू लग्न होऊन बेंगळुरूला गेली ती तिकडचीच झाली. तिच्या नवऱ्याचा, शंकररावांचा गुडघा बदलायचा होता आणि तिला हाताशी माहेरचं माणूस हवं होतं.

मिरजेच्या बाईला दवाखान्याचं काय कौतुक? आमच्या गावात दुसरं आहे काय, दवाखाने, सतारी आणि रेल्वेचं जंक्शन. माझी खाणावळ तर दवाखान्यांच्याच रस्त्यावर आहे. पेशंटचे नातेवाईक माझ्याकडे जेवतात, त्यातले निम्मे कर्नाटकातून आलेले. कुणाचं काय कापलं, कुणाचे टाके कधी निघणार, हे मला भाजी चिरता चिरता कळतं. दवाखान्याच्या बाबतीत मला कुणी काही नवीन सांगेल असं मला वाटत नव्हतं. बेंगळुरूने माझी ही घमेंड साफ उतरवली. या एका प्रवासात मी जेवढी हादरले तेवढी गेल्या कित्येक वर्षांत हादरले नव्हते. ज्यांच्या घरात आज ना उद्या कुणाचा गुडघा, कुणाचा डोळा, कुणाचं हृदय निघणार आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, म्हणजे सगळ्यांसाठीच.

हेब्बाळ

शंकररावांचं घराणं मूळचं आपल्याकडचं. शेकडो वर्षांपूर्वी कुणा सरदाराबरोबर दक्षिणेत उतरले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी बोलतात, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पहिले दोन दिवस मला हसू आवरत नव्हतं. घरात आणि गल्लीत शंकररावांना सगळे 'अण्णा' म्हणतात, वत्सूसुद्धा. मी मात्र जुन्या वळणाची, मी शंकररावच म्हणते.

पहिल्याच दुपारी ताटात नाचणीचा मुद्दा आला. मुद्दा म्हणजे नाचणीच्या पिठाचा मोठा थोरला गरम गोळा, सारात बुडवून खायचा. मी आपला भाकरीसारखा घास घेऊन चावायला लागले, तर तो टाळूला आणि दातांना असा काही चिकटला की मला बोलता येईना. शंकरराव शांतपणे म्हणाले, "अक्का, चावू नका. सुम्ने गिळा. स्वल्प सारू घ्या वरनं." नुसता गिळायचा म्हणे. जन्मभर लोकांना सावकाश चावून खा म्हणून सांगणारी मी, गपकन गिळला, आणि खरंच सरळ पोटात गेला. दुसऱ्या दिवशी मीच मागून घेतला.

शंकरराव एका सरकारी कारखान्यात लेथ मशीनवर होते. सारी नोकरी उभ्याने केली आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्यांनी सूड उगवला. पूर्वी रोज सकाळी घराजवळच्या हेब्बाळच्या तळ्याला फेरी मारायचे, आता फाटकाजवळच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या फेऱ्या बघतात. मी त्यांच्याबरोबर एकदा तिथे गेले. पाण्यावर पाणकोंबड्या, मागे उड्डाणपुलावर विमानतळाकडे धावणाऱ्या गाड्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, अण्णा, कधी येताय फिरायला? आणि हे प्रत्येकाला हसून सांगत होते, दोन्ही पाय नवे करून येतो म्हणून.

दोन्ही करायचेच होते. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आधी उजवा, तीनेक महिन्यांनी डावा. एकच करून सोडला तर चालताना सगळा भार वाकडा पडणार आणि नव्या गुडघ्याचाही फायदा होणार नाही. हे सगळं जमवून आणलं होतं त्यांच्या मुलाने, किरणने. तो मारतहळ्ळीकडे एका संगणक कंपनीत आहे. कंपनीने त्याचा विमा काढलेला आणि त्यात आईवडीलही घेतलेले. मला हे ऐकूनच भारी वाटलं. आमच्याकडे आजारपण आलं की आधी कपाटातलं सोनं बाहेर येतं, इथे नुसतं कार्ड काढायचं.

किरणने मला समजावून सांगितलं की तेवढं सोपं नसतं. आईवडिलांच्या आजारपणात बिलातला ठरावीक हिस्सा घरच्यांनी भरायचा असतो. त्याने दोन्ही गुडघ्यांचा हिस्सा बाजूला काढून ठेवला होता, घराचे हप्ते सांभाळून. आणि हे सगळं मार्चच्या आत व्हायला हवं होतं, कारण नव्या वर्षात कंपनी आईवडिलांना विम्यातून काढून टाकणार असं ऑफिसात बोललं जात होतं. "बसतंय सगळं, मावशी," तो म्हणाला. "पण एकदम टाईट." मी म्हटलं, बसतंय ना, मग झालं तर.

देवनहळ्ळी

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी शंकररावांनीच हट्ट धरला की अक्कांना देवनहळ्ळीचा किल्ला दाखवायचा. किरणने गाडी काढली. विमानतळाच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना शेतं कमी आणि शेतांमध्ये रोवलेले प्लॉटांचे फलक जास्त. एका द्राक्षाच्या मळ्यावर आता कमान उभी होती आणि आत नुसते दगड रोवलेले. गावात शिरलं की मात्र जुनं बरं वाटतं. तिथली पपनसं नावाजलेली, आम्ही एक विकत घेऊन गाडीतच सोलून खाल्लं. आपल्याकडच्यासारखं कडवट नाही, आतून गुलाबी आणि रसाळ.

किल्ल्याच्या तटावर चढायला दगडी पायऱ्या आहेत. वत्सू, मी आणि किरण वर गेलो, शंकरराव खाली एका कट्ट्यावर बसले. वरून बघितलं तर ते हात कपाळावर धरून आमच्याकडेच बघत होते. डोक्यावरून विमानं जात होती, इतकी खालून की पोटाचा रंग दिसावा. वत्सू म्हणाली की लग्नानंतर ते तिला पहिल्यांदा इथेच घेऊन आले होते, आणि किरण लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन एका दमात वर चढायचे. खाली आल्यावर शंकररावांनी वरून काय काय दिसलं ते आम्हाला खोदून खोदून विचारलं आणि म्हणाले की उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, सगळ्यांनी परत यायचं, तेव्हा तेही वर.

परतताना गाडीत त्यांच्या कारखान्याच्या दवाखान्याचा विषय निघाला. तिथे सगळ्यांना औषधपाणी फुकट असायचं. मॅनेजर आणि हमाल एकाच बाकावर बसायचे, एकाच डॉक्टरला दाखवायचे आणि एकाच खिडकीतून गोळ्या घ्यायचे. मी म्हटलं, मग वाईट काय होतं त्यात? शंकरराव म्हणाले, "लाईन मोठी होती, अक्का. तेवढंच." मग डॉक्टर कमी झाले, औषधं बाहेरून आणायची वेळ आली, आणि ज्यांना परवडत होतं ते हळूहळू त्या बाकावरून उठून गेले.

सातवा मजला

भरती व्हायच्या दिवशी सकाळी मी घरीच होते. डबा करून दुपारी हॉस्पिटलात पोचले तर आधी मला वाटलं रिक्षावाल्याने चुकून हॉटेलात आणलं. काचेचे दरवाजे, आत कॉफीचं दुकान, फिनेलचा वाससुद्धा नाही. सातव्या मजल्यावर शंकररावांची खोली. खोली कसली, छोटं घरच ते. पेशंटची कॉट, पलीकडे पडदा सारला की सोबत करणाऱ्यासाठी वेगळी कॉट गादी-उशीसकट, सोफा, छोटा फ्रिज, आणि खिडकीतून थेट तळं. मी हरखूनच गेले. आमच्याकडे पेशंटच्या बायका कॉटखाली सतरंजी टाकून झोपतात. मी वत्सूला म्हटलंसुद्धा, नशीब काढलंस बाई, विमा असावा तर असा. ती नुसती हसली.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर तरुण, बोलायला गोड, दुसऱ्याच दिवशी त्यांनी शंकररावांना वॉकर धरून उभं केलं. आणि मग सुरू झालं भेटायला येणं. आपल्याकडेही लोक भेटायला जातात, पण पाच मिनिटं उभ्या उभ्या, हातात दोन केळी आणि निघाले. इथल्या या जुन्या मराठा मंडळींची रीतच निराळी. चार चार घरं एकदम येतात, सोफ्यावर, कॉटवर, खिडकीच्या कट्ट्यावर पसरतात, कॉफी होते, कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय ते होतं, आणि पेशंट मध्ये बसून सगळ्यांच्या तब्येती विचारतो. वत्सू सारखी खालून कॉफी मागवत होती. मी पडद्यापलीकडे माझ्या कॉटवर आडवी होऊन हे ऐकत होते. खरं सांगते, इतकी छान झोप मला घरीही लागत नाही.

या सुखाला पहिला तडा गेला तो खालच्या कॅन्टीनमध्ये. इडली घेऊन जागा शोधत होते तर एक तरणी बाई मोबाइलवर मराठीत बोलत होती. मी लगेच तिच्या शेजारी बसले. ती संगीता, मूळ चिक्कोडीची, इथे एका शाळेच्या ऑफिसात कामाला. मिरज म्हटल्यावर तिला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. तिच्या आईचाही गुडघा बदललेला, त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांनी. शंकररावांच्या आधी तिच्या आईला आत घेतलं होतं.

बोलता बोलता खर्चाची गोष्ट निघाली. तिने तिचा आकडा सांगितला. किरणच्या तोंडून आमचा मी ऐकला होता. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. तिचा आकडा आमच्या आकड्याच्या जवळजवळ निम्मा होता. मी म्हटलं, पोरी, तुमचा सांधा हलका बसवला असेल. ती म्हणाली, "न्हाई हो मावशी, सांधा तोच की. त्याची किंमत सरकारनंच बांधलीया, त्यात काय फरक न्हाई. आमी दुसऱ्या मजल्यावर हाय, जनरलला. तुमी कुठं हायसा?" मी सांगितलं सातव्यावर. ती उठली आणि म्हणाली, आमचा वॉर्ड बघायला चला.

मी तिच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावर गेले. सहा कॉटांची खोली, मधे पडदे, स्वच्छ. संगीताची आई वॉकर धरून खोलीभर फेऱ्या मारत होती आणि तिला चालवणारी फिजिओथेरपीवाली मुलगी तीच, जी सकाळी आमच्याकडे येऊन गेली होती. म्हातारी तर आमच्या शंकररावांपेक्षा तुरुतुरु चालत होती. तिच्याकडे कॉफी पाजायला पाहुणे नव्हते, त्यामुळे तिचा व्यायाम चुकत नव्हता.

मला राहवेना. मी तशीच तळमजल्यावर बिलाच्या काउंटरला गेले. तिथला मुलगा सभ्य होता, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीला त्याने नीट उत्तरं दिली. त्याने सांगितलं की इथे सगळं खोलीवर ठरतं. खोली जितकी वरची, तितकी प्रत्येक गोष्ट महाग. मी एकेक विचारत गेले. डॉक्टरांची फी? हो. भूल देणाऱ्याची? हो. थिएटरचं भाडं? हो. नर्स सुई टोचते त्याचे? हो. बरं, एक्स-रे? मशीन तर एकच आहे. तर म्हणे, तोही. आमच्या शंकररावांच्या गुडघ्याचा फोटो काढायला, ते सातव्या मजल्यावर झोपतात म्हणून, जास्त पैसे.

मी म्हटलं, अरे, पण ऑपरेशनला सातव्या मजल्यावरचा आणि दुसऱ्या मजल्यावरचा एकाच टेबलावर झोपतो ना? तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "टेबल वही है, मॅडम. पेशंट की कॅटेगरी अलग है."

माझ्या खाणावळीत पंख्याखालच्या टेबलाला चार पैसे जास्त लावले तर एक वेळ लोक देतील. पण पंख्याखाली बसलास म्हणून आमटी महाग, पोळी महाग, पाणीही महाग, असं म्हटलं तर गिऱ्हाईक ताट माझ्या अंगावर फेकेल. मी त्या मुलाला म्हटलं, हे कायद्यात बसतं? तो म्हणाला की बहुतेक सगळीकडे असंच असतं. वर जाताना लिफ्टमध्ये मी स्वतःची समजूत घातली की जाऊ दे, भरणार विमा कंपनी आहे, आपल्याला काय.

घरी जायचा दिवस

सकाळच्या फेरीला डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी जा. वत्सूने पिशव्या भरल्या, शंकररावांनी शर्ट घातला, बूट घातले. आणि मग आम्ही बसून राहिलो. बिल विमा कंपनीकडे जाणार, तिथे कुणीतरी ते बघणार, मंजुरी येणार, मग सुट्टी. जेवणाची वेळ झाली, हॉस्पिटलनेच जेवण दिलं, तेही बिलातच. दुपार कलली. ठणठणीत माणूस बूट घालून कॉटवर बसलेला.

मी पाय मोकळे करायला खाली गेले तर भरतीच्या काउंटरसमोर एक म्हातारे गृहस्थ व्हीलचेअरवर मान टाकून बसलेले, हाताला सुई टोचलेली, शेजारी बायको सलाईनची बाटली उंच धरून उभी. कॉट रिकामी नाही म्हणून ती दोघं सकाळपासून थांबलेली. वर एक माणूस बरा होऊन कॉट अडवून बसलाय, खाली एक माणूस कॉटवाचून तळमळतोय, आणि मधे कुठल्या तरी शहरातल्या कुठल्या तरी ऑफिसात एक सही व्हायची आहे. हे इतकं मोठं चकचकीत हॉस्पिटल चालवायची रीत ही? मला इतका राग आला की मी बिलाच्या काउंटरवरच्या त्या मुलाला चार शब्द सुनावले. त्याचा काही दोष नव्हता, पण ऐकून घेतलं बिचाऱ्याने.

मंजुरी संध्याकाळी आली. किरण ऑफिसातून परस्पर आला होता. काउंटरवर जाऊन आला तेव्हा त्याच्या हातात बिल होतं. विमा कंपनीने बिलाला कात्री लावली होती, आणि ती घरच्यांच्या हिश्शाशिवायची होती, वेगळी, चांगली मोठी.

वत्सू म्हणाली, खोली महागातली होती त्याचा वरचा फरक आपण भरायचा, एवढंच ना, ते तर आधीच सांगितलं होतं. किरण सोफ्यावर बसला आणि त्याने समजावून सांगितलं. त्याच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा होती. त्या मर्यादेतली खोली घेतली असती तर सगळं सुरळीत. वरची घेतली की नुसतं खोलीचं भाडं कापत नाहीत. खोली मर्यादेच्या जितकी पट महाग, त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, भूल, थिएटर, नर्सिंग, सगळ्यावर कात्री. औषधं आणि गुडघ्यातला सांधा तेवढे सुटतात. म्हणजे या खोलीपायी आधी हॉस्पिटलने प्रत्येक गोष्टीचे पैसे वाढवले, आणि मग त्याच खोलीपायी विमा कंपनीने त्या प्रत्येक गोष्टीचे पैसे कापले. दोन्हीकडून मार आम्हालाच.

"डाव्या पायाचे पैसे गेले, आई," तो म्हणाला. "सगळे."

शंकरराव खिडकीकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

मग किरणने विचारलं की आपली दोन पेशंटांची खोली ठरलेली असताना हे सातव्या मजल्याचं कुणी केलं. तो सकाळी सही करून ऑफिसला निघून गेला होता, तोवर तरी तीच होती; नंतर ही बघून त्याला वाटलं होतं की ती रिकामी नसेल म्हणून हॉस्पिटलनेच त्याच भाड्यात ही दिली. वत्सू पदर बोटाला गुंडाळत राहिली. मीही जरा रागानेच म्हटलं, अगं, सांग की, कुणी गळ्यात मारली ही खोली? तेव्हा तिने वर बघितलं, किरणकडे नाही, माझ्याकडे.

"त्या खोलीत सोबतीला नुसतं बाकडं होतं," ती म्हणाली. "अक्का, तू एवढ्या लांबून आलेली, आणि तुला मी बाकड्यावर झोपवू? काउंटरवर विचारलं तर म्हणाले, दिवसाचा थोडा फरक पडेल. मी म्हटलं, पडू दे."

माझ्यासाठी. ती गादी, ती उशी, तो पडदा, ती झोप, सगळं माझ्यासाठी, आणि त्याच्यापायी एका माणसाचा पाय गेला होता. मिरजेत मी शेंगदाण्याच्या पोत्यांना टेकून झोपते. मला कुणी विचारलं असतं तर मी त्या बाकड्यावर आनंदाने पडले असते, जमिनीवर पडले असते. पण पाहुण्याला असं कुणी विचारतं का? मी वत्सूला चांगलंच फैलावर घ्यायला तोंड उघडलं आणि त्यातून रडूच आलं. किती वर्षांनी रडले मी, तेही परक्या गावच्या हॉस्पिटलात, पाहुण्यांच्या सोफ्यावर.

शंकररावच शेवटी उठले. वॉकर ओढत माझ्यापर्यंत आले. "सरी, अक्का," ते म्हणाले, म्हणजे असू दे. "एक तर झाला ना." मग त्यांनी वत्सूला विचारलं की त्यांची चप्पल पिशवीत भरली का. त्यांनी तिला एका शब्दानेही दुखावलं नाही आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

पुन्हा हेब्बाळ

राहिलेले दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. शंकरराव उजवा पाय नेमाने हलवत होते आणि डाव्याकडे बघत नव्हते. मी त्यांना उठता-बसताना बघत होते. उजवा सरळ, डावा वाकडा, दोन पावलांतच कंबर कलायची. किरण कर्ज काढायच्या गोष्टी करायचा आणि वत्सू त्याला गप्प बसवायची.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मीच विषय काढला. डावा मिरजेला करा. कर्नाटकातली माणसं आमच्याकडे येतात ती काय उगीच? विमा तिथेही चालतो हे मी किरणकडून आधी वदवून घेतलं. गावच लहान, तिथला एकूण खर्च कमी, आणि जनरल वॉर्ड घेतला तर घरचा हिस्साही झेपेल एवढाच. जेवण माझ्या चुलीवरचं. वत्सूने पहिलं काय म्हणावं? जनरलमध्ये ठेवलं हे कळलं तर इथली मंडळी काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणू देत, मिरजेपर्यंत कॉफी प्यायला कोण येतंय.

शंकररावांनी किरणला मार्चपर्यंत किती महिने आहेत ते विचारलं, स्वतःच बोटांवर मोजले आणि मला म्हणाले, "दिवाळी झाली की येतो, अक्का. जागा सांगून ठेवा."

मिरज

मी घरी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात चौकशीला गेले. काउंटरवर पूजा होती, रोज दुपारी माझ्याकडे जेवते ती. मला बघून खुशीत उठून उभी राहिली. मी सगळं सांगितलं, बहिणीचा नवरा, डावा गुडघा, दिवाळीनंतर, खर्चाचा अंदाज हवा. तिने विचारलं, "खोली कुठली, मावशी?"

मी म्हटलं, खोलीचा काय संबंध, गुडघ्याचं सांग. ती म्हणाली की आधी खोली सांगितल्याशिवाय कुठलाच आकडा सांगता येत नाही, सगळं त्याच्यावरच आहे. इथेही. माझ्या खाणावळीपासून हाकेच्या अंतरावर, ज्या दवाखान्यातल्या दोन्ही मजल्यांवरची माणसं मी इतकी वर्षं जेवू घातली तिथे.

मी म्हटलं, जनरल. अंदाज काढ. पूजाने काढला आणि मी तिथूनच किरणला फोन लावला. तो तिकडे हिशोब करत राहिला. मग म्हणाला, होतंय, मावशी, जेमतेम होतंय, पण होतंय.

मी फोन ठेवला आणि पूजाला नाव लिहून घ्यायला सांगितलं. ती लिहिता लिहिता हसली. "मावशी, तुमच्या घरच्या पाहुण्यांना जनरलमध्ये कसं ठेवायचं? मला नाही बरं वाटणार. मी वरच्या मजल्यावरची टाकते, सरांना सांगून भाड्यात काहीतरी कमी करून देते. तुम्हालाही सोबतीला नीट झोपता येईल."

इतक्या मायेने बोलत होती पोरगी. तिचे दोन्ही हात मी धरले आणि म्हटलं, "पूजा, माझ्यावर प्रेम असेल तर आम्हाला जनरलच दे."

तिला वाटलं मी भिडेखातर बोलते आहे. तिने तोवर वरची खोली टाकूनही दिली होती. मी तिला ती काढायला लावली, जनरल लिहायला लावलं, संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवायला लावून ते स्वतः वाचलं, आणि मगच तिथून हलले.